पटका कोणी पाडला

जालन्यातल्या एका जिनिंग प्रेसच्या हजेरीपटावर माझं नाव हमाल म्हणून होतं. पण मी पाठीवर कापसाची गठाण फारशी घेतली नाही. आम्हा नऊ जणांना शेटनी ठेवलं होतं ते हुतूतू खेळायला. दुपारी प्रेसमागच्या मोकळ्या जागेत सराव, संध्याकाळी हॉटेलात शेटच्या नावावर मोठा पितळी ग्लास भरून दूध. खरे हमाल आम्हाला 'दूधवाले' म्हणायचे, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

ती निजामी अमलातली शेवटशेवटची वर्षं. जर्मन-जपानच्या लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून प्रेसची लॉरी कोळशावर चालायची. जत्रांच्या दिवसांत ती आम्हाला गावोगाव न्यायची आणि चढ आला की थांबायची. मग आम्ही उतरून ढकलायचो. ड्रायव्हर वरून म्हणायचा, "लावा जोर, दूध काय फुकट पेता?" सरकीच्या पोत्यांवर बसून केलेले ते प्रवास मला अजून आठवतात. त्या आनंदाला काही कारण लागत नव्हतं.

आमच्यातला सगळ्यात चांगला गडी सदर बाजारात राहायचा. घरी उर्दू, आमच्यात मराठी. उंच, दंडाला ताईत, आणि मैदानात उतरण्याआधी मिशीला तेल लावायची खोड. "मिशी बघूनच आर्धे मरतेत," म्हणायचा. त्याच्या अम्मीच्या हातची अंबाड्याची भाजी मी किती वेळा खाल्ली असेल, सांगता येणार नाही. माझी भाकरी मोडायच्या आत तो त्याची संपवायचा आणि माझ्या ताटाकडे बघत बसायचा.

त्या वर्षी वाटूरच्या पुढच्या एका गावात खंडोबाच्या जत्रेला आमचा सामना होता. मैदान म्हणजे देवळामागचं नांगरलेलं रान, दाबून सपाट केलेलं. भोवती माणसं इतकी चिकटून की बाद झालेला गडी बसायचा तो त्यांच्या पायांत.

मी चढाईला गेलो आणि चौघांनी मला धरलं. चौघांना ओढत मी पाटीपर्यंत, मधल्या रेघेपर्यंत आलो होतो. हात पाटीला लागला तेव्हा माझा दम टिकून होता, असं मला वाटलं. पंचांनी मात्र दम तुटला म्हणून बाद दिलं. गर्दीतून कोणी ओरडलं, "गठाणी उचलून उचलून दम सरकीत सांडला का रं, जालन्याच्या?" सगळे हसले. मी धुळीनं भरलेले डोळे चोळत बाहेर येऊन बसलो. अंगाची आग होत होती.

तेवढ्यात कानामागे काहीतरी सण्णकन बसलं. मला वाटलं, दगड. मी उठलो, वळलो आणि समोर जो दिसला त्याला पूर्ण हाताची एक लगावली. तो म्हातारा होता. त्याचा पटका उडून मातीत पडला.

मग जे झालं ते मैदान राहिलं नाही. गाव आमच्यावर आणि आम्ही गावावर. हलगीवाल्यानं हलगीच कोणाच्या तरी डोक्यात घातली. भेळीचं पाल आडवं झालं. माझ्या दोस्तानं माझ्या कमरेला धरून मला मागे खेचलं, खांद्यावर एक काठी खाल्ली, आणि मला सोडून पुन्हा आत गेला. मातीतला पटका उचलून झटकून तो म्हाताऱ्याला देत होता. गावानं बघितलं ते एवढंच: त्याच्या हातात म्हाताऱ्याचा पटका.

लॉरी कशीबशी सुटली. पोत्यांवर बसल्यावर कमरेला काही टोचायला लागलं. चड्डीच्या काठात खोबऱ्याचा तुकडा अडकला होता, हळदीनं पिवळा. त्या गावात चांगल्या खेळणाऱ्यावर, मग तो आपला असो की परका, भंडारा-खोबरं उधळायची रीत होती. ते जत्रेत शिरतानाच आम्हाला सांगितलं होतं. म्हाताऱ्यानं माझ्यावर उधळलं होतं. चौघांना ओढलं म्हणून.

मी इकडंतिकडं बघितलं आणि तो तुकडा तोंडात टाकला. चावायला वेळ लागला.

दोन दिवसांनी गावाची तक्रार आली. मुनीमजींनी आम्हाला ओळीत उभं केलं. "म्हाताऱ्या माणसाचा पटका पाडला. उंच गडी, दंडाला ताईत. कोण होता?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी प्रेसच्या फिरत्या पट्ट्याकडे बघत राहिलो. मग तो म्हणाला, "मीच होतो, मुनीमजी."

त्याला तिथल्या तिथं कामावरून काढलं. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "घाबरू नको. माझ्याबिगर यांची टीम चालत न्हाई. चार दिवस बोंबलतील, मंग बराबर बोलवतील." त्याला खरंच तसं वाटत होतं. बोलावणं आलं नाही. टीमचा पुढारी मला केलं. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत त्याचं घर सदर बाजारातून उठलं. कुठे गेलं, ते विचारायला मी गेलो नाही.

परवा वाटूरच्या फाट्यावर एसटी थांबली. तिथल्या टपरीवर चहा घेतला आणि भांडं धरणारा हात ओळखीचा वाटला. मिशी पांढरी झाली होती, पण तेल होतं.

"बस," तो म्हणाला. "येशील म्हणत होतो. लई उशीर केला."

मी काही बोलायच्या आधी तोच सांगत गेला. तो म्हातारा दर जत्रेला त्याच्याच टपरीवर चहाला यायचा. "मारणारा त्याला दिसलाच नव्हता, पटका पाडणारा म्हणून मलाच वळखायचा. पहिल्या साली थुंकला. दुसऱ्या साली चहा मागितला. मंग दर साली."

"तू सांगितलं न्हाईस त्याला?"

"तुझी गोष्ट मी कशाला सांगू? तू सांगशील म्हणून ठेवली होती." त्यानं भांडं घासायला घेतलं. "परसाली गेला तो. एका कानानं कमी ऐकायचा."

तेव्हा मी खोबऱ्याचं सांगितलं. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. तो घासायचा थांबला.

"पटका उचलताना मातीत खोबरं मी बघितलं व्हतं. पण मला वाटलं, तुला कळलंच न्हाई. दगडच वाटला असंल, म्हणून मी गप ऱ्हायलो इतकी वर्षं." मग घासलेलंच भांडं त्यानं पुन्हा घासायला घेतलं. एसटीचा कंडक्टर घंटा मारायला लागला.

"म्हाताऱ्याचा पोरगा येतो जत्रंला," तो शेवटी म्हणाला. "पुढच्या महिन्यात हाये. इथंच बसतो, त्या बाकड्यावर."

जत्रेला अजून अकरा दिवस आहेत. त्या पोरासमोर माझी जीभ पुन्हा आत ओढली गेली तर हे कागद त्याच्या हातात देईन. म्हणून लिहून ठेवलं. पटका मी पाडला. त्याच्या बापानं माझ्यावर खोबरं उधळलं होतं, हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं.