आऊट व्हायला शिकवणारे सर

मुंबईत पोराला धड बोलता येण्याआधी एक गोष्ट कळते. आऊट व्हायचं नाही. बॉल पायाला लागला तरी नाही, स्टंप पडला तरी शक्यतो नाही. भांडायचं, नो बॉल होता म्हणायचं, आणि अगदीच अंगाशी आलं तर स्वतःची बॅट उचलून घरी जायचं. अशा शहरात, काळाचौकीच्या एका मैदानाच्या कोपऱ्यात, एक गृहस्थ रोज सकाळी पोरांना आऊट व्हायला शिकवत. लोकांनी त्यांना वेडा ठरवलं नाही, कारण लोकांचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं.

ते बेसबॉलचे कोच होते. समोर आम्ही त्यांना सर म्हणायचो, पाठीमागे आऊट सर. एका सरकारी कचेरीत कारकून, लालबागच्या चाळीत दीड खोली, वडील गिरणीत होते. बेसबॉल त्यांना कॉलेजात कोणीतरी शिकवला होता आणि मग तो उतरलाच नाही. ‘बेसबॉल म्हणजे ते बास्केटबॉलच ना?’ असं कोणी विचारलं की ते ‘हो’ म्हणत. समजावत बसण्याइतकी किंमत ते फार थोड्या माणसांना देत असत.

आम्ही त्यांच्याकडे हौसेने गेलो नव्हतो. दादरच्या नेटमधून हाकललेली, शाळेच्या क्रिकेट टीममध्ये पाणी वाहून कंटाळलेली पोरं त्यांच्याकडे यायची. पहिल्याच दिवशी ते आम्हाला ओळीत उभं करून सांगत, “क्रिकेटने ओकलेलं माझ्या ताटात येतं. मी तेच जेवतो.” हे वाक्य ऐकून घरी गेलेली पोरं बरीच होती. जी दुसऱ्या दिवशी आली, त्यांना सर उशिरा आल्याबद्दल ओरडले. स्वागताची त्यांची एवढीच पद्धत होती.

क्रिकेट आमच्या हाडात होतं आणि ते काढायचं तर हाड दुखणारच, असं त्यांचं मत होतं. बेसबॉलमध्ये बॉल मारला की बॅट तिथेच टाकून धावायचं असतं, एकेक बेस गाठत परत होमपर्यंत, तेव्हा कुठे एक धाव. आम्ही बॅट घेऊन धावायचो. बेसजवळ पोचलो की लांबूनच बॅट टेकवायचो, क्रीजमध्ये टेकवतात तशी. सर एरवी शुद्ध बोलत, पण चिडले की थेट मालवणीत उतरत. “बॅट टाक मेल्या! घरात नेवन पूजतलंस काय?” तरी बॅट सुटली नाही, तर त्या पोराला ती टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखी धरून मैदानाच्या फाटकात उभं करत. कामाला निघालेल्या बायका थांबून बघत. सर लांबून ओरडत, “दूध पाजलंस काय रे तिला?” मी फाटकात दोनदा उभा राहिलो आहे. आमच्याच चाळीतल्या एका काकूंनी, सर काय म्हणतात ते नीट ऐकून घेऊन, बॅटच्या कपाळावरून बोटं ओवाळली होती. त्यानंतर माझ्या हातून बॅट आपोआप पडू लागली. अजूनही हातातली छत्री टाकून मी बसमागे धावेन की काय अशी मला भीती वाटते.

क्लबकडे ग्लव्ह मोजके होते. टीममध्ये जो खेळणार त्याला ग्लव्ह मिळे. ज्याला सर काढून टाकत, त्याने आपला ग्लव्ह आपल्या हाताने, सगळ्यांसमोर, बदली खेळाडूच्या हातात घालायचा, अशी त्यांची रीत होती. घालताना बोटं नीट बसवून द्यायची आणि “घे, तुला होईल,” असं म्हणायचं. हे म्हणताना कोणी रडलं तर सर थांबत. रडणं संपलं की म्हणत, “आता परत म्हण. त्याला ऐकू आलं नाही.”

पण त्यांची खरी विद्या म्हणजे बंट. बंट म्हणजे बॉल मारायचा नाही, बॅट आडवी धरून त्याला नुसता मरू द्यायचा. बॉल पायाशी पडतो, समोरची टीम तो उचलायला धावते, आणि तेवढ्या वेळात आपला पुढचा धावक एक बेस पुढे सरकतो. बंट करणारा बहुतेक वेळा आऊट होतो. तो आऊट व्हावा म्हणूनच हे करायचं असतं. मुंबईच्या पोराला हे सांगणं म्हणजे ब्राह्मणाला श्राद्धाला गेल्यावर उपाशी परत ये म्हणण्यासारखं आहे. आम्ही बॅट आडवी धरायचो आणि ऐन वेळी मनगट आपोआप फिरायचं. सर म्हणत, “तुमका आऊट होवक येत नाय. आधी आऊट व्हायला शिका, मग जिंकायचं बघू.”

हे ज्याला शिकवण्याची गरजच नव्हती, असा एकच मुलगा आमच्यात होता. संदेश. त्याची आई लालबागला मिरची कांडपाच्या दुकानात कामाला होती. ती कधी मैदानावर आली की तिच्या पदराच्या वासाने आमचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, शिंकायचा आणि बॉल भलतीकडे जायचा. संदेश थर्ड बेसला उभा राहायचा. तिथून त्याने फेकलेला बॉल पहिल्या बेसवर जाताना आवाज करत जायचा. बॅटिंगला आला की बॉल शेजारच्या क्रिकेट पिचवर जायचा आणि तिथली पोरं शिव्या देत तो परत टाकायची. शिव्या सोडल्या तर क्रिकेटवाल्यांनी आमची दखल घेतल्याचं मला आठवत नाही.

त्याच्या आईने एकदा सरांना विचारलं, “सर, ह्याचं पुढे काय होईल हो?”

सर म्हणाले, “तुमच्या मुलाला अभ्यास येत नाही. क्रिकेट येत नाही. बेसबॉल येतो. दुर्दैव आहे, पण आहे.”

ती बाई हसली. तिला ते कौतुक वाटलं असावं. संदेशला मात्र सरांनी समोर कधी ‘चांगलं’ असं म्हटलं नाही. त्याने काही अफाट केलं की सर दुसऱ्याच कोणावर तरी ओरडत. संदेश सराव संपल्यावर बूट सोडत उगाच रेंगाळायचा. सर काहीतरी म्हणतील म्हणून. सर म्हणायचे, “उद्या वेळेवर ये.” तो रोजच वेळेवर यायचा.

संदेशचं एकोणीस वर्षांखालच्या गटातलं ते शेवटचं वर्ष होतं. राज्याच्या टीममध्ये निवड झाली तर तो नॅशनल खेळणार होता, आणि नॅशनल खेळलेल्या मुलाला खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरी मिळू शकते, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. निवड झाली नाही तर पुढे काहीच नव्हतं. बेसबॉलमध्ये दुसरं दार नसतं. राज्याची टीम त्या वर्षीच्या राज्य स्पर्धेतल्या खेळावरून निवडली जाणार होती आणि आम्ही फायनलला पोचलो होतो.

फायनलच्या आधी समारंभ झाला. समारंभ सामन्यापेक्षा लांबला. मंचावर ब्लेझर घातलेली इतकी माणसं होती की त्यांच्यात दोन टीम सहज झाल्या असत्या. नारळ, शाली, पुष्पगुच्छ, आणि ज्यांना पुष्पगुच्छ पुरला नाही त्यांची क्षमा. प्रमुख पाहुण्यांनी, आमच्या मुलांनी साता समुद्रापार षटकार ठोकावेत, अशी इच्छा व्यक्त केली. निवड समितीचे प्रमुख तरुणपणी कबड्डी खेळत. शरीरावरून ते खरं वाटत नव्हतं आणि बेसबॉल पाहताना त्यांच्या चेहऱ्यावरून तेच एक खरं वाटत होतं.

त्या सामन्यात समोरच्या पिचरने संदेशला घाबरून दोन वेळा मुद्दाम बाहेर बॉल टाकले आणि त्याला फुकट पहिल्या बेसवर सोडलं. ह्या खेळात हा मान असतो. मंचावरून मात्र, पोराला बॅट लावता येत नाही, एवढंच दिसलं असणार.

शेवटच्या डावात स्कोअर बरोबरीत होता. आमचा प्रथमेश तिसऱ्या बेसवर होता, म्हणजे होमपासून एक बेस लांब. पहिल्या बेसवरही आमचा माणूस होता, त्यामुळे ह्या वेळी संदेशला फुकट सोडलं तर तिन्ही बेस भरले असते आणि ते त्यांना परवडणारं नव्हतं. एक जण आऊट. बॅटिंगला संदेश. अख्ख्या स्पर्धेत तो ह्या एका क्षणाची वाट बघत होता. मंचावरची माणसंसुद्धा वडे बाजूला ठेवून सरसावून बसली.

संदेशने सरांकडे पाहिलं. सरांनी टोपी काढून काखेत धरली. म्हणजे बंट.

संदेशने नजर काढली, बॅट फिरवली, परत पाहिलं. टोपी काखेतच होती. मी सरांच्या शेजारी बसलो होतो. मी म्हणालो, “सर, मारू दे ना त्याला.”

सर म्हणाले, “तोंड मिट.”

संदेशने बॅट आडवी धरली. इतका सुंदर बंट मी परत पाहिला नाही. बॉल जणू झोप लागल्यासारखा गवतात पडला. प्रथमेश धूळ उडवत होमवर घसरत आला, टाळ्या, फोटो. संदेश पहिल्या बेसवर आऊट झाला आणि खाली मान घालून बाकावर आला. नंतर त्यांना काही करता आलं नाही. आम्ही त्या एका धावेने जिंकलो.

संध्याकाळी मंचावरून राज्याच्या टीमची नावं वाचली. प्रथमेशचं होतं. संदेशचं नव्हतं.

सर मंचामागे गेले. मी त्यांच्या मागे होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कोणाला तरी बेसबॉल समजावताना पाहिलं. बंट काय असतो, तो किती अवघड असतो, मारू शकणाऱ्या पोराने न मारणं म्हणजे काय, हे ते हात हलवून सांगत होते. समितीप्रमुखांनी सगळं सौजन्याने ऐकलं आणि म्हणाले, “पण मास्तर, तुमचा तो पोरगा आऊट झाला ना?”

सरांचे हात खाली आले. माझी समजूत अशी की, ब्लेझरवाल्यांना खेळ कळत नसला तरी निदान बंट दिसेल, असा त्यांचा विश्वास होता. अख्ख्या जगावर अविश्वास दाखवणाऱ्या माणसाने हा एकच विश्वास ठेवला होता आणि त्यासाठी दुसऱ्याचं पोर पणाला लावलं होतं.

संदेश बाहेर, काढलेल्या बुटांवरच बसला होता. सर त्याच्यासमोर उभे राहिले.

“ते म्हणतात तू आऊट झालास.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“झालासच की.”

“सर, मी मारला असता तो.”

“माहीत आहे. ज्याला मारता येत नाही त्याला बंट सांगून काय करू?”

दुसरा कोणीही माणूस इथे खांद्यावर हात ठेवतो. सरांनी टोपी घातली आणि बस कुठे उभी आहे ते बघायला गेले.

संदेश त्यानंतर एकदाच मैदानावर आला, ग्लव्ह परत द्यायला. तो बाकावर ठेवून निघाला होता. सरांनी त्याला बोलावलं, थर्ड बेसला घेतलेल्या नव्या मुलाला समोर उभं केलं आणि म्हणाले, “रीत आहे.” संदेशने ग्लव्ह त्या मुलाच्या हातात घातला, बोटं नीट बसवली, आणि “घे, तुला होईल,” असं खणखणीत आवाजात म्हणाला. परत म्हणायला लावावं लागलं नाही. सर लगेच नव्या मुलावर ओरडू लागले.

आता त्या कोपऱ्यात हिरवा प्लास्टिकचा टर्फ आहे आणि तासाच्या भाड्याने क्रिकेट चालतं. सर निवृत्त झाले. गेल्या वर्षी परळला, एका जुन्या गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमध्ये कामानिमित्त गेलो होतो. सातव्या मजल्यावरच्या बागेत सर दिसले. अंगात क्लबहाऊसचा टी-शर्ट, भोवती छोटी मुलं, प्रत्येकाच्या हातात परदेशी ग्लव्ह. बॉल एका दांड्यावर ठेवलेला आणि मुलं तो मारायच्या प्रयत्नात दांडा मारत होती. सर टाळ्या वाजवत होते. “व्हेरी गुड, आर्यन! सुपर, बेटा!” कडेला बसलेल्या आया मोबाइलमध्ये हे टिपत होत्या.

मी जवळ गेलो. म्हणालो, “सर, तुम्हाला ‘व्हेरी गुड’ येतं?”

“ह्यांना कशाला ओरडू?” सर म्हणाले. “ह्यांका खंय जावचा आसा?”

मग जरा वेळाने, मुलांकडेच बघत, “संदेश काय करतो?”

“एअरपोर्टवर सामान चढवतो. लोडर.”

सरांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी उमटली. मी ती पहिल्यांदाच पाहत होतो. “उजव्या हाताने उचलतो काय?”

“असेल. विचारलं नाही.”

“त्याला सांग, उजव्याने उचलू नको. खांदा जाईल.”

“आता खांदा कशाला पाहिजे, सर?”

 आर्यनने पुन्हा दांडा मारला होता आणि सरांना टाळ्या वाजवणं भाग होतं.

त्या रविवारी मी संदेशला निरोप दिला. त्याच्या घराखाली टपरीवर आम्ही चहा घेत होतो. त्याने सगळं ऐकून घेतलं. सरांना एक सणसणीत शिवी दिली, आईवरून नाही, पण जवळपास. चहा संपवला. पेला टपरीवाल्याच्या बादलीत टाकला. मग इकडे तिकडे बघत विचारलं,

“अजून काय म्हणाला रे?”

“काही नाही,” मी म्हणालो.