इथून परत फिरले तरी चालते

मोहाडीकडून येणारी खडीची सडक सालेटोल्यात संपते. ती जिथे संपते तिथे सेवकरामचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बल्ल्यांवर तट्ट्याचं छत, पंक्चर पाहायचं पाण्याचं घमेलं, एक पंप आणि पाटी म्हणून मोहाच्या फांदीला टांगलेलं जुनं टायर. मागे टेंभरपहाडी. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. ह्या पहाडीला ते कुणी कळवलेलं नसावं. दिवाळीपर्यंत तिच्यावर एक झरा वाहतो, मग तो रजेवर जातो. चैत्रात झाडांवर पान राहत नाही, काळा खडक तव्यासारखा तापतो, आणि खाली हिरवळ पाहून वर गेलेल्या माणसाला आपण दुसऱ्याच मुलखात आल्यासारखं वाटतं.

तरी लोक येत. माथ्यावर शेंदूर फासलेला एक गोटा आहे, त्याच्यासाठी काही येत; बाकीचे नुसतेच येत. नवं जोडपं, शाळेची सहल, कचेरीतले चार बाबू. ह्यांच्यातल्या कुणाला पहाड चढायची सवय नसे. ते सायकली सेवकरामच्या दुकानापाशी लावत आणि विचारत, "किती लांब आहे हो?"

अशा प्रश्नाला आमच्याकडे खरं उत्तर देत नाहीत. ह्यात खोटेपणा नाही, माया आहे. चालणाऱ्याला लांबचं अंतर सांगून त्याचे पाय इथेच मोडायचे, हे शहाण्या माणसाचं काम नव्हे. शिवाय ह्या भागात घरोघरी बिड्या वळतात, त्यामुळे अंतरही बिडीतच मोजतात. एक बिडी ओढून संपेल तेवढं चालणं म्हणजे एक बिडीची वाट. न ओढणाऱ्यानं काय करावं ह्याचा विचार कुणी केलेला नाही.

"हे का जी, इथंच," सेवकराम पंपावरून मान न उचलता सांगे. "दोन बिड्याची वाट हाय."

त्याच्या बापानंही हेच सांगितलं होतं. दोन बिड्यांची ती वाट दोन पिढ्यांत अर्ध्या बिडीनंसुद्धा वाढली नव्हती.

चौऱ्याहत्तर सालच्या चैत्रात, सकाळी नवाच्या सुमाराला, एसटीच्या फाट्यावरून एक म्हातारं जोडपं चालत आलं. धोतर, काळी टोपी, हातात छत्री. ते वासुदेवराव, मोहाडीच्या तहसील कचेरीत तीस वर्षं बाबू होते. त्यांच्या टेबलासमोरच्या खिडकीतून ही पहाडी दिसे. तीस वर्षं तिच्याकडे पाहत त्यांनी लोकांच्या सातबाऱ्यांच्या नकला काढल्या होत्या. आता पेन्शनीत निघून दिघोरीकडे आपल्या शेतावर राहायला चालले होते, आणि जायच्या आधी त्या पहाडीवर एकदा उभं राहून कचेरीची खिडकी पाहायची, एवढीच त्यांची इच्छा होती. मागे त्यांची बायको ललिताबाई, खांद्याला डब्याची पिशवी आणि हातात पाण्यानं टम्म भरलेली कॅनव्हासची छागल.

"दादा, खरं सांगजो," वासुदेवराव म्हणाले. "डाक्टरनं मले अर्ध्या घंट्याच्या वर चालाले मनाई केली हाय. छातीचं दुखनं हाय. लांब असन तं आमी इथूनच पाहून परत जातो. मले राग नाही येत."

इतकं सरळ त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सेवकरामनं मान वर करून पाहिलं. म्हाताऱ्याचे डोळे पहाडीकडे लागलेले होते. अशा माणसाला परत जा कसं म्हणायचं?

"कायचा अर्धा घंटा जी!" तो म्हणाला. "बकरीवाटेनं नका जाऊ, उभी हाय. ह्या बैलवाटेनं जा, लेकरंबी जातात. दोन बिड्यात माथा." आणि मग, आणखी थोडी माया उरली होती म्हणून, "अन् छागल कायले वागवता बाई? वझं होते. ठेवा इथं. आल्यावर थंडं पानी पेजा."

छागल दुकानाच्या बल्लीच्या खिळ्याला लटकली. डब्याची पिशवीही तिथेच राहिली. छत्री मात्र त्यांनी नेली.

नंतर सेवकरामनं दोन चाकं सरळ केली, एक चेन बदलली. छागलीतून थेंब थेंब गळत होता आणि खाली मातीत एक ओली गोल खूण पडली होती. साडेबाराच्या सुमाराला त्याची नजर त्या खुणेवर गेली, आणि छागल अजून तिथेच आहे म्हणजे काय ते त्याला कळलं. तेवढ्यात वरून ललिताबाईंची हाक आली. हाक कसली, नुसता आवाज, त्यात शब्द नव्हता.

तो धावला ते मात्र खरं. इश्वरच्या चहाच्या हॉटेलातली बाज उचलली, तीन माणसं घेतली, बकरीवाटेनं गेला. वासुदेवराव वाटेच्या तीन हिश्श्यांपैकी दोन चढून एका खडकाच्या कोरभर सावलीत पडले होते. तोंड वाकडं झालं होतं, जीभ कोरडी, उजवा हात मेलेला. उन्हानं आणि श्रमानं अर्धं अंग गेलं, असं पुढे भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं. सेवकरामनं बाजेचा पुढचा, म्हणजे उतारावर जड होणारा, खूर आपल्या खांद्यावर घेतला तो खालपर्यंत बदलला नाही. खांद्याची कातडी सोलली. वासुदेवराव जगले.

पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीनं सेवकरामचा सत्कार केला. सरपंच यादोराव ह्यांना भाषणाची सवय होती आणि विषय क्वचितच मिळे. "स्वतःच्या जिवाची पर्वा न करता," ते म्हणाले, "रखरखत्या उन्हात ह्या गड्यानं परक्या माणसाचा प्राण वाचवला!" टाळ्या झाल्या. सेवकराम शाल पांघरून उभा होता आणि त्याला घाम फुटला होता. लोकांनी तो विनय समजला. नारळ मिळाला होता; त्याची चटणी त्याच्या बायकोनं, रुखमानं, वाटली. तो कोरडा भात खाऊन उठला.

"काहून? चटनी नाही खात?" रुखमा म्हणाली.

तेव्हा त्यानं बायकोला सगळं सांगितलं. छागलीचंसुद्धा. रुखमानं ऐकून घेतलं.

"असं तं कोनीबी सांगते," ती म्हणाली. "माह्या बापानं मले लगनाच्या वख्ती सांगतलं, सासर इथंच हाय, घरून आवाज देल्ला तं आयकू येते. सात कोस निघालं. मी मेली का?"

"तुले दोनी पाय होते."

"तं जाऊन सांगून या त्यायले. इथं कायले उपाशी उठता?"

सांगून यायला तो दोनदा निघाला. छागल पिशवीत घालून, धुतलेला सदरा घालून. पहिल्यांदा भंडाऱ्याच्या स्टँडवर दिघोरीची गाडी लागली, कंडक्टरनं घंटी दिली, आणि सेवकराम बाकावर बसून राहिला. दुसऱ्यांदा गाडीत चढला आणि मध्येच उतरला. घरी येऊन सांगितलं की गाडी बिघडली. रुखमानं विचारलं नाही की पंक्चर होतं का. छागल परत खिळ्याला गेली. कुणी विचारलं तर तो म्हणे, "लोकाची हाय." कॅनव्हास वाळून पापडासारखा झाला.

मग त्यानं दुसरंच काम काढलं. एका सायकलचं पुढचं चाक सोडवलं, एका आऱ्याला लाल चिंधी बांधली, आणि हातात धरून ते चाक बैलवाटेनं ढकलत नेलं. चिंधी वर आली की एक. एक फेरा म्हणजे सव्वासात फुटांच्या वर थोडं. वाट तेराशे अडुसष्ट फेऱ्यांची भरली. दोन मैलांना थोडी कमी, आणि सगळी चढाची. हे त्याला एका चकरेत पटलं नाही. तो आठ दिवस रोज चाक घेऊन गेला. गाव पाहत होतं. चाकाला देवाला नेतो की काय, असं काहींना वाटलं.

त्यानंतर रंग. सायकलींच्या मागच्या मडगार्डला लावायचा पांढरा रंग त्याच्याकडे असे. तो डबा आणि ब्रश घेऊन त्यानं बैलवाटेवरच्या खडकांवर लिहायला सुरुवात केली. शिक्षण चौथीपर्यंतचं, अक्षर मोठं आणि प्रामाणिक. पायथ्याशी: "माथा सव्वा तास. म्हाताऱ्याले दोन तास. वर पाणी नाही. छागल न्या." पुढे: "सावली नऊ वाजेपर्यंत. नंतर नाही." पुढे: "हे पहिलं टोक. माथा हा नोहे." आणि प्रत्येक ठिकाणी खाली एकच ओळ: "इथून परत फिरले तरी चालते."

ही ओळ त्यानं बैलवाटेवर अकरा ठिकाणी लिहिली. ज्या खडकाखाली वासुदेवराव पडले होते तिथे दोनदा.

लोकांना हे आवडलं नाही. इश्वर तर दुकानात येऊनच बसला.

"तू लोकायले भेव दाखवून राहिला का बे? काल ते मोहाडीचे मास्तर पाटी वाचून उभ्या उभ्या परत गेले. चहाबी नाही पेले."

"मंग जिते गेले ना घरी?"

"अरे, जिते तं सारेच जातात! एक माणूस पडला त्याले तू का करशीन? तूनं तं उचलून आनला त्याले!"

हे वाक्य सेवकरामला दर चार दिवसांनी कुणी ना कुणी ऐकवी. चांगुलपणाचा इतका बंदोबस्त झाल्यावर माणसानं तोंड उघडायचं कुठून?

यादोरावांनीही बोलावून समज दिली की पहाडीची बदनामी होत आहे. पाटी पुसायला मात्र कुणी वर गेलं नाही, कारण सव्वा तास लागतो हे आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

आणि मग उलटंच झालं. शाळा मुलं पाठवू लागल्या. मास्तरांना आता कुठे थांबायचं, कुठे पाणी वाटायचं ते खडकावर वाचायला मिळे. भंडाऱ्याच्या कॉलेजातल्या पोरांनी एक पत्रक छापलं, त्यात टेंभरपहाडीच्या बैलवाटेला "नवशिक्यांसाठी सर्वांत सोपी वाट" म्हटलं. एक प्रत सेवकरामला आणून दिली. त्यानं ती वाचली आणि 'सोपी' ह्या शब्दावर पंक्चरचं सोल्युशन लावून कागदाचा तुकडा चिकटवला. आता कुणी अंतर विचारलं तर तो बोटानं खडक दाखवी. तोंडानं सांगायचं त्यानं सोडलंच होतं. बोलका माणूस होता तो. चार-पाच वर्षांत हातवाऱ्यांवर आला.

ऐंशी साली हिवाळ्यात वासुदेवराव गेल्याचं तहसीलीतल्या शिपायाकडून कळलं. सहा वर्षं बाजेवर होते, वाचा गेलेली. माणूस गेल्यावर सांगायला सोपं जाईल असा सेवकरामचा अंदाज होता. अंतरांच्या अंदाजात तो आधीही चुकला होता. पुढच्या चैत्रात, रुखमानं स्वतः छागल पिशवीत घातल्यावर, तो निघाला आणि ह्या वेळी दिघोरीला उतरला. शेतावरचं घर विचारत गेला. सगळ्यांनी सांगितलं, "हे का, इथंच."

ललिताबाई अंगणात लाखोरीच्या डाळीच्या वड्या टाकत होत्या. त्यांनी त्याला ओळखलं, आणि त्यांचा हात पिठातच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. सेवकरामला ती अपेक्षित नव्हती.

त्यानं छागल काढून समोर ठेवली. बसला नाही.

"बाई, मी लबाड बोललो होतो," तो म्हणाला. "दोन बिड्याची वाट नव्हती. दोन घंट्याची होती. मले मालूम होतं. त्यायनं मले खरं सांग म्हटलं होतं. अन् छागल मीच ठेवाले लावली."

मग ललिताबाईंनी एक वडी टाकली, बोटानं तिचं टोक काढलं.

"तुमी ठेवा म्हटलं," त्या म्हणाल्या. "ते नाही म्हनत होते, घेऊ म्हने. मीच खिळ्याले अडकवली. माहा खांदा दुखे."

दुसरी वडी.

"अर्ध्या वाटेत ते बसले. परत जाऊ म्हने. मी म्हटलं, आता आलंच जी. ते झाड दिसते ना, तेच. त्या झाडापाशी गेलो तं पुढं दुसरं झाड. तीनदा म्हटलं मी, आलंच. तीस वर्सं पाहून राहिले होते ते, मले वाटे एकडाव पोचावं."

सेवकराम खाली बसला.

"सहा वर्सं ते माह्याकडे पाहात पडले होते. बोलता येत नव्हतं. याद होतं का नव्हतं, देवाले मालूम. मी बी कधी काढलं नाही." त्यांनी हात पुसला. "तुमी फाटकात दिसले तं मले वाटलं, ह्यायनं खालून आयकलं असन माहं पहाडीवरचं बोलनं. आज सांगाले आले."

"मले का आयकू येनार होतं बाई, तितक्या लांबून?"

"तेच तं. लांब होतं."

ह्यावर दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला, जाऊ द्या, तुमचा काय दोष, असं म्हटलं नाही. म्हणता आलं असतं. तेवढी माया दोघांकडेही होती. पण मायेनं बोललेल्या शब्दाचं काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणी पाहिलेलं नव्हतं. ललिताबाईंनी पाणी दिलं, तो प्याला. वड्यांचं सूप उन्हात सरकवायला त्यानं हात लावला.

निघताना ललिताबाईंनी छागल रांजणात बुडवून भरली आणि त्याच्या हातात दिली.

"घेऊन जा. माह्या घरी नको."

"बरं. फाटा किती लांब हाय बाई इथून? येतानी समजलं नाही."

"हे का, इथं—" म्हणून त्या थांबल्या. वाटेकडे पाहिलं. ओठ हलवून काही मोजलं.

"एक कोस हाय," त्या म्हणाल्या. "मधात झाड नाही. ऊन उतरू द्या, मंग जा."

तो ऊन उतरेपर्यंत ओसरीत बसला आणि मग निघाला. वाळलेली छागल आधी गळते. निम्मं पाणी वाटेत धुळीत गेलं, बाकीचं त्यानं थांबून थांबून प्यायलं. सवयीनं पावलंही मोजली. कोस नव्हता, सव्वा कोस भरला. पण पाव कोसाचा फरक म्हणजे आमच्याकडे खरं बोलणंच धरायचं.