दुखू दे

काचेच्या लांबट नळीत हे उताणे झोपलेत. पायाची जखम मधुमेहामुळे भरेना, म्हणून आत दाबाखाली ऑक्सिजन देतात. मी बाहेर स्टुलावर.

पहिल्या दिवशी निघताना नेहमीच्या सवयीने मी ह्यांच्या डोक्याला तेल चोळलं, तर इथल्या सिस्टर ओरडल्याच. “अहो काकू, तेल लावून आत जायचं नाही! भडका उडेल.” मग इथेच साबणाने डोकं धुतलं. जन्मभर मायेनं लावलेलं तेल त्या दिवशी एकदम वैरी झालं.

आज ड्रेसिंग करताना हे कळवळले, “आई गं!” सिस्टर हसून म्हणाल्या, “दुखलं? छान!” ह्याच पायात खिळा घुसला होता तेव्हा ह्यांना पत्ता नव्हता, फरशीवरचं रक्त मीच पाहिलं. आता पायात जाणीव परततेय म्हणे. पण नवऱ्याच्या कण्हण्याचा आनंद मानायचा तरी कसा?

आतून ह्यांनी पायाकडे बोट दाखवलं. चेहरा वेडावाकडा.

मी काचेवर हात टेकला आणि मनात म्हटलं, “देवा, दुखू दे रे.”

आणि लगेच जीभ चावली.