तव्यापर्यंत जाणारा आवाज

यवतमाळच्या दुकानदाराला माझा वैताग आला होता, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. पंधरवड्यापूर्वी याच माणसाकडून मी चांगला रॅचेट नेला होता. आता पुन्हा काउंटरपाशी उभा राहून एकेक रॅचेट कानाशी धरून फिरवत होतो.

“भाऊ, नेला तो खराब निघाला का?”

“नाही. लय चांगला हाये. पण वाजत नाही.”

“वाजाले तो काय बँडबाजा हाये?” तो म्हणाला. दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो, पण रॅचेट खाली ठेवला नाही.

आर्णीत रस्त्यालगत माझं मोटारसायकलचं गॅरेज आहे. ते बाबांनी सुरू केलं. गॅरेजच्या मागच्या भिंतीला लागूनच आमचं स्वयंपाकघर. बाबा गेले तेव्हा त्यांच्या पान्यांच्या पेटीसोबत त्यांचा रॅचेटही माझ्याकडे आला. राजूरच्या खाणीतून निवृत्त झालेल्या एका फिटरकडून त्यांनी तो हौसेनं घेतला होता. साधा पाना दर फिरकीला काढून पुन्हा लावावा लागतो. रॅचेटला ती कटकट नाही. पुढे नेला की बोल्ट कसतो, मागे आणला की नुसता कर्रर्र वाजत येतो. बाबांच्या रॅचेटचे दात चांगले जाड होते. त्याचा आवाज असा, की समोरच्या पानटपरीवाल्याला आमचा धंदा बरा चाललाय की नाही ते बसल्या जागी कळायचं.

काम संपलं की बाबा रॅचेट फडक्यानं पुसायचे आणि बोटांत धरून हवेतच फिरवायचे. कर्रर्र, कर्रर्र. आत कचरा तर गेला नाही ना, ते पाहत असतील असं मी धरून चाललो. कामात फार काटेकोर माणूस होता. ती सवय मलाही लागली आणि ते गेल्यावरही सुटली नाही.

पण लोखंड झालं तरी म्हातारं होतंच. रॅचेट ऐन जोरात घसरायला लागला. एकदा बोटांची सालं निघाली आणि मी यवतमाळ गाठलं. नव्या गाड्यांत हात घालायलाही जागा नसते, तिथे मोठा हेलकावा लागणारा जाड दातांचा रॅचेट फिरणार कसा? दुकानदार म्हणाला, “आता सारे बारीक दाताचेच नेऊन राह्यले.” मीही तोच नेला. एवढ्याशा जागेत लोण्यासारखा फिरायचा. घरी आल्यावर मी तो नव्या नवरदेवासारखा मिरवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं. मी रॅचेट पुसला, हवेत फिरवला, ठेवून दिला. एरवी मी हात धुईपर्यंत आतून मायची हाक यायची. बायको अंगणवाडीत जाते, त्यामुळे दुपारची भाकर मायच्याच हातची. माय गरम भाकर वाढणार आणि सोबतच जेवणार, हा जुना नेम. त्या दिवशी हाक आली नाही. स्वयंपाक व्हायचा असेल म्हणून मी दुसरी गाडी खोलली.

पुष्कळ वेळानं भुकेनंच आत गेलो. माय चुलीपुढे बसलेली. परातीत ज्वारीचं पीठ तसंच, तवा थंड. तिला घाम फुटला होता आणि हात थरथरत होते. शुगरची गोळी घेऊन ती उपाशी बसली होती. मी घाबरून तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला, आणि ती जरा सावरली तसा तिच्यावरच खेकसलो.

“जेवली काहून नाही?”

“तुह्या रॅचेटचा आवाजच नाही आला,” ती म्हणाली. “मले वाटलं, तुहं काम चालूच हाये.”

मी तिच्या हाकेची वाट पाहत होतो आणि ती माझ्या रॅचेटची.

“तो आवाज जेवणासाठी असते हे तुले कोणं सांगतलं?” मी विचारलं. “तो तं कचरा पाहाले फिरवतेत.”

एवढ्या थकव्यातही माय हसली. “कचरा नाही रे बाप्पा. लगन झालं तवा घरात सासरा, दोन जेठ. यायच्यापुढं मले हाक माराची तुह्या बापाले लाज वाटे. भूक लागली का तो ते फिरवे. मी आतून परातीवर बांगडी वाजवो. मंग तवा ठेवो.”

मी तिच्याजवळच बसून राहिलो. बाबा मला कोरडे वाटायचे. मायशी दोन शब्द धड बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आणि या माणसानं आयुष्यभर तिला रोज दुपारी अशी हाक मारली होती. माझ्या देखत.

तर दुकानात मी शेवटी जाड दातांचा, ओबडधोबड रॅचेट निवडला. “आता हा कोणी नेत नाही,” असं दुकानदारानं निक्षून सांगितलं. अडचणीच्या जागेत मी बारीक दातांचाच वापरतो, उगाच खोटं कशाला बोलू. पण काम संपलं की पेटीतून हा काढतो, पुसतो आणि भिंतीकडे तोंड करून हवेत फिरवतो.

आतून माय सांगते, “ठेवला रे तवा.” आता तिला तोंडानं सांगावं लागतं. बाबा गेले तेव्हाच तिनं बांगड्या काढल्या.