डांगरवाडीखालचा मुरूम

माझं डोकं तापट, आणि नोकरी लागली ती नदीच्या तळात सळई ठोकायची! साठ सालानंतरची गोष्ट. पण खरं सांगतो, त्या कामात मी भलताच खूश होतो. अकोटकडच्या एका गोड्या विहिरीचं पाणी नदीपलीकडे, खारपाणपट्ट्यातल्या, खारं पाणी पिऊन राहणाऱ्या गावांना द्यायचं होतं. नळ नदीच्या तळाखालून जाणार. तळ कुठं घट्ट, कुठं पोकळ, याचा नकाशा करायचं काम माझ्याकडे. सळईवर घण हाणायचा. झपकन आत गेली की गाळ, अडली की मुरूम. मुरमाला लाल पेन्सिल, गाळाला निळी. गाळात पुरलेला नळ पहिल्याच पुरात उघडा पडून मोडला असता.

शिमगा उलटला होता, पात्र कोरडं पडलं होतं. जिथं ठोकावं तिथं निळंच. लाल पट्टा एकच सापडला, तोही नेमका एका मावशीनं पात्रातच लावलेल्या डांगरवाडीतून, खरबुजांच्या मळ्यातून, जाणारा. वेलांना मुठीएवढी डांगरं नुकती धरलेली. तिचं वर्षाचं पोट त्यावरच.

"सळई घेऊन बाजूले हो, नाही तं डोस्कं फोडीन," मावशी म्हणाली.

मीही भडकलो. "मावशी, मी काय हौसेनं करून राहिलो? दुसरीकडं सारा गाळ हाये!"

"मंग गाळात पुर. माह्या पोटावर काहून?"

पावसाआधी नळ पुरायचा होता. डांगरं पिकेपर्यंत थांबायची सोय नव्हती. रोज आमची जुंपायची. शेवटी मी नकाशाच तिच्यापुढे पसरला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून पाणी जाणाऱ्या गावांवर बोट ठेवत नावं घेत गेलो. एका गावाशी तिनं माझं बोट धरलं.

"इथं माही लेक देली हाये. माहेरी आली का आधी रांजणावर जाते. पोटभर पाणी पेते, मंग माह्याशी बोलते."

माझा सगळा ताव उतरला.

"मुडद्या, हे आधी सांगाले काय झालं होतं तुले?" तिनं पदर खोचला आणि वेलालाच हात घातला.

"थांब मावशी, मजूर काढतील."

"मजूर कायले? म्या लावले, उपटीन बी म्याच."

ती उपटत होती, रडत होती, आणि मला बजावत होती, "खोल पुरजो रे बापा, चांगला खोल पुरजो."