तुळतुळीत डोक्याची भीती

आमच्या फिल्म क्लबात विलायतेतल्या पोरांचा सिनेमा लागला होता. डोकी भादरलेली, पायांत जाडजूड बूट, आणि सावळा माणूस दिसला की धर आणि बडव! मध्यंतरात दिवे लागले. माझ्या शेजारी एक तरुण, डोकं तुळतुळीत! गणपतीच्या नाटकांत दरवर्षी राक्षस होणारा मी चक्क दोन खुर्च्या पलीकडे सरकलो.

"काका, घाबरलात?" तो हसला. "बाबांचं तेरावं काल झालं. त्यांचा पास वाया जाऊ नये, म्हणून आलो."

मी परत त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

असल्या सिनेमांचं उगाच कौतुक होतं, असं मी नेहमी म्हणायचो. त्या दिवशी शेवटी सगळ्यांत जोरात टाळ्या माझ्याच होत्या. कातडी पाहून माणूस ठरवणारी ती पोरं मला मध्यंतरापर्यंत किती परकी वाटत होती!