लाकूडवाल्या काकूंची तक्रार

तक्रार घेऊन आलेल्या माणसाला वाटेला कसं लावायचं, हे माझ्याइतकं आमच्या बाजारात कोणालाच जमत नाही. तीस वर्षं हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर उभा आहे. मालक गल्ला सांभाळतो, मी तक्रारी सांभाळतो. गिऱ्हाईक तावातावानं आत आलं की मी आधी चष्मा पुसतो. मग विचारतो, बिल आहे का? बिल असलं तर खोकं आहे का? खोकंही निघालं तर वस्तू हातात घेतो, दोनदा उलटसुलट करतो आणि अगदी हळू आवाजात म्हणतो, "तुमची वापरायची पद्धत चुकली." इथे भले भले गार होतात. खोटं कशाला सांगू, मला या गोष्टीचा अभिमान होता.

तो उतरवला लाकूडवाल्या काकूंनी.

आमच्या दुकानाच्या गोदामाला मागे एक खिडकी आहे. ती बेकरीच्या अंगणात उघडते. त्या अंगणात काकू भट्टीसाठी लाकूड फोडतात. वय पंचावन्नच्या पुढे, अंगानं काटकुळ्या, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. नवरा शिंपी होता, नजर अधू झाल्यापासून घरी असतो. हे काम काकूंना त्यांच्या सासूनं शिकवलं. "दुसऱ्यांच्या सासवा भाजी चिरायला शिकवतात, माझ्या सासूनं ओंडका चिरायला शिकवला," असं त्या बेकरीवाल्याला सांगताना मी ऐकलंय. सासूचीच कुऱ्हाड त्यांनी सव्वीस वर्षं वापरली. घासून घासून तिचं पातं चार बोटं उरलं, तेव्हा कुठे त्या नवी घ्यायला आमच्याकडे आल्या.

चांगल्यातली चांगली द्या, म्हणाल्या. मीही दिली. तसल्या दोनच आल्या होत्या, एकाच खोक्यातून. चकचकीत पॉलिशचा दांडा, पात्यावर निळा रंग, गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी. काकूंनी ती खोक्यासकट पोत्यात गुंडाळून नेली आणि नवव्या दिवशी दुपारी परत आणली.

मी चष्मा पुसला.

बिल होतं. खोकंही होतं. मग त्यांनी पोतं सोडून कुऱ्हाड काउंटरवर ठेवली, आणि मला हसूच आलं. पातं टोकापासून गळ्यापर्यंत उघडं, दांड्यावर पॉलिशचा कण नाही. काचेच्या तुकड्यानं सगळं खरवडून काढलं होतं.

"हे तुम्ही केलंत?" मी विचारलं.

"हो. नवी कुऱ्हाड आधी उघडी करून बघायची असते. रंगाखाली काय काय झाकतात."

"मग संपलंच की. पॉलिश काढलं म्हणजे माल वापरला. वापरलेला माल आम्ही घेत नाही."

काकू भांडल्या नाहीत. गिऱ्हाईक भांडलं नाही की मला जरा चुकल्यासारखं होतं. त्यांनी कुऱ्हाड माझ्याकडे वळवली आणि बोटानं दाखवायला सुरुवात केली. दांड्याच्या लाकडाच्या रेषा वरून खाली सरळ जायला हव्यात. इथे त्या मानेपाशी आडव्या निघून गेल्या होत्या. जोर बसला की दांडा तिथेच तुटणार. मग धार. तिला एका जागी दुमडल्यासारखी वळी पडली होती.

"कारखान्यात घासताना जास्त तापवलीय," काकू म्हणाल्या. "वरचं नखभर पोलाद मेलंय. तेवढं कानशीनं उतरवलं की खाली चांगलं आहे. फार चांगलं आहे. मी वाजवून बघितलं."

त्यांनी पातं दोन बोटांवर तोललं आणि नखानं टिचकी मारली. बारीक, लांबत जाणारा आवाज आला. तीस वर्षं मी कुऱ्हाडी विकतोय, पण कधी एकही वाजवून पाहिली नव्हती. मी तो आवाज पूर्ण थांबेपर्यंत ऐकत उभा राहिलो.

"आणि हे," त्या म्हणाल्या. दांडा पात्याच्या भोकात शिरून वर निघतो, तिथे तो फाकावा म्हणून पाचर ठोकलेली असते. काकूंनी तिथे खिळ्याचं टोक टेकवलं. वरून लाकूड दिसत होतं, ते पिठासारखं गळून पडलं. भुसा आणि सरस यांचा लगदा. खाली पाचर होती, पण जेमतेम अर्ध्यापर्यंत. "पातं नुसतं अर्ध्या पाचरीवर टिकलंय. आठ-पंधरा दिवस टिकेल. मग जाईल."

"कुठे जाईल?"

"समोर जे असेल तिथे."

आता खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण सवय वाईट. मी हुकमाचं पान टाकलं.

"काकू, याच खोक्यातली दुसरी कुऱ्हाड मी स्वतः घेतलीय. माझ्या जावयाला दिली. महिना होत आला, रोज लाकूड फोडतो. एका अक्षराची तक्रार नाही."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्या घाबरलेल्या दिसल्या.

"घर कुठंय त्याचं?"

"आहे, पुलापलीकडे. पण तुमचं..."

"माझी राहू द्या. माझी मी नीट करून घेईन, पैसेही नकोत. खोक्यात दोघींची जागा होती, दुसरी कोणी नेली एवढंच विचारायला आले होते मी. एकाच माणसानं एका बैठकीत ठोकल्यात या. माझ्या कुऱ्हाडीत अर्धी पाचर घातली, तर दुसरीत पुरी कशाला घालेल? चला, भाऊ. आत्ताच चला."

जावयाच्या अंगणात चार वर्षांची माझी नात असते. मागच्या दाराच्या पायरीवर बसून ती बापाच्या ढलप्या मोजते. एकवीसच्या पुढे तिला येत नाही, म्हणून ती पुन्हा एकपासून सुरू करते.

मालकाला काय सांगितलं आठवत नाही. स्कूटर काढली. मागे काकू, त्यांच्या मांडीवर पोत्यात कुऱ्हाड, हातात कानशींची पिशवी. सिग्नलला बाजूच्या माणसानं एकदा पोत्याकडे बघितलं, एकदा माझ्या चेहऱ्याकडे, आणि आपली गाडी हळूच मागे घेतली. एरवी मी हे दहा जणांना रंगवून सांगितलं असतं. त्या दिवशी एकच हिशेब डोक्यात होता, महिना भरायला किती दिवस उरले, आणि काकूंचे आठ-पंधरा दिवस तर कधीच उलटले.

"काकू, तुमच्या घरात कोणाला लागलं होतं का? असं पातं निघून?" मी पूल ओलांडताना विचारलं.

"नाही हो. कोणाला काही झालं नाही. होऊ नये म्हणूनच निघालोय ना?"

फाटकाशी पोचलो तर अंगणात जावई पाठमोरा उभा, आणि कुऱ्हाड डोक्यावर. मी ओरडायला तोंड उघडलं. काकूंनी माझं मनगट असं आवळलं की आवाज घशातच राहिला.

"वर गेलेल्या कुऱ्हाडीला हाक मारायची नाही," त्या कुजबुजल्या. "माणूस दचकतो."

मग त्या कुंपणाच्या कडेकडेनं चालत गेल्या, त्याला नजरेच्या कोपऱ्यातून दिसतील अशा. घाव पडला. कुऱ्हाड ओंडक्यात रुतली. त्यानं ती उपसायला हात घट्ट केला, आणि त्या क्षणी काकूंचा हात दांड्यावर होता. त्यांना किती वेळ लागला असेल? पाच सेकंद. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ कधी उभा राहिलो नाही.

अंगणात नात नव्हती. आत झोपली होती. हे मला नंतर कळलं, तोवर मी पायरीकडे बघतच होतो.

"ही पाव्हणी कोण, बाबा?" जावयानं विचारलं. माणूस सज्जन आहे, परक्या बाईनं हातातली कुऱ्हाड धरली तरी त्यानं आधी मला नमस्कार केला. मी काही बोलायच्या आत काकूंनी कुऱ्हाड सोडवून घेतली होती. पात्याच्या खाली बोटभर कोरं लाकूड दिसत होतं, म्हणजे पातं तेवढं वर सरकलेलं. आणि वरच्या तोंडात दोन खिळे ठोकलेले.

काकूंनी खिळ्यांवर अंगठा फिरवला.

"पातं किती वेळा निघालं?"

जावयानं माझ्याकडे बघितलं. मग जमिनीकडे.

"एकदाच."

"कुठे गेलं?"

उत्तर माझ्या मुलीनं दिलं. ती दारात येऊन उभी होती, हात पदराला पुसत. "तिथे," ती म्हणाली. मागच्या पायरीच्या डाव्या कोपऱ्याचा टवका उडाला होता. माझी मूठ मावेल एवढा. "गुरुवारी. पिल्लू दूध प्यायला आत आली होती. बापाला म्हणाली, मी येईपर्यंत थांब. हा थांबला नाही."

मी पायरीशी गेलो, वाकलो आणि त्या खळग्यात हात घातला. कडा अजून धारदार होत्या. मी तिथेच पायरीवर बसलो.

"मला का नाही सांगितलंत?" शेवटी मी विचारलं. आवाज चढला होता. माझा तो चढतोच.

"काय सांगणार होतो, बाबा?" मुलगी म्हणाली. ती चिडून बोलत नव्हती, हे जास्त लागलं. "तुम्ही म्हणाला असतात, वापरायची पद्धत चुकली."

बायको होती तेव्हा लेकीचं मन माझ्यापर्यंत तिच्यामार्फत यायचं, थोडं गोड करून. ती जाऊन तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत लेकीची एकही तक्रार आली नाही, आणि मी चारचौघांत सांगत होतो, पोरगी किती सुखात आहे.

काकू या सगळ्यात नव्हत्याच. त्यांनी ओंडक्यावर फडकं पसरलं, कानशी काढून ओळीनं मांडल्या आणि कामाला लागल्या. दांडा ठोकून पातं मोकळं केलं. खिळे उपसले, लगदा टोकरून काढला. भोकाच्या आतल्या भिंती बोटानं चाचपल्या, डोळे मिटून. जावयाच्या दांड्याच्या रेषा सरळ होत्या. "नशीबवान आहात, दांडा चांगला मिळालाय," त्या त्याला म्हणाल्या, आणि तो बिचारा कसनुसा हसला. मग त्यांनी तिथलीच एक वाळलेली ढलपी निवडली. अकरा बघून टाकल्या, बारावी घेतली. तिची पाचर तासली. किती जाड हवी, याला त्यांनी माप लावलं नाही. एकदा भोकाकडे बघितलं, तासलं, आणि ठोकली तर ती तळापर्यंत गेली. लाकूड दोन्ही बाजूंना फाकून पात्याला असं भिडलं की मधे कागद शिरला नसता. मग धार. कानस एकाच दिशेनं, एकाच लयीत. मेलेलं पोलाद करड्या भुकटीत खाली पडत होतं आणि आतून उजळ कड वर येत होती.

मी पाहत राहिलो. त्या खिडकीतून मी त्यांना वर्षानुवर्षं पाहिलं होतं आणि एकदाही नीट बघितलं नव्हतं. ज्या माणसानं तिला दुकानातून हाकलायला घेतलं, त्याच्या लेकीच्या अंगणासाठी, त्याच्या नातीसाठी ही बाई आपलं काम बुडवून बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर उपकाराची एक रेघ नव्हती. असं माणूस मी याआधी पाहिलेलं नाही.

शेवटी त्यांनी सगळ्यांना भिंतीशी उभं केलं.

"आता तर पक्की आहे ना?" जावयानं विचारलं.

"आहे. तरी तिथेच उभे राहा."

ओंडक्याभोवती एक फेरी, चिरेवर नजर. कुऱ्हाड वर गेली, खाली आली. ओंडका फुटला असं म्हणवत नाही, तो उघडला. दोन्ही भाग जागच्या जागी आडवे झाले. काकूंनी कुऱ्हाड त्याच्या हाती दिली, आपली पोत्यात गुंडाळली आणि म्हणाल्या, "भट्टीची वेळ झाली. मी बसनं जाईन, भाऊ. तुम्ही बसा."

त्या फाटकाबाहेर पडल्या. मी पुन्हा पायरीवर येऊन बसलो. मुलीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि आत जायला वळली.

"थांब," मी म्हणालो. "आणखी काय काय सांगितलं नाहीस?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली. मग ती माझ्याशेजारी येऊन बसली, पदर सावरून, नीट टेकून.

"वेळ लागेल, बाबा," ती म्हणाली.